फलक आढळला नाही

माझे भावोजी, म्हणजे थोरल्या ताईचे यजमान, बावीस वर्षं शाळेची व्हॅन चालवत होते. अगदी नाकासमोर चालणारा माणूस. खोटं बोलायची वेळ आली की त्यांना खोकला यायचा. दारूचं म्हणाल, तर एका लग्नात कुणीतरी चेष्टेनं त्यांच्या सरबतात थेंबभर मिसळली, तेव्हा नुसत्या वासानं ते ताटावरून उठले होते. व्हॅनमधल्या प्रत्येक पोराची त्यांना खडान् खडा माहिती. कुणाला खिडकीच लागते, नाहीतर ओकतं. कुणाची आजी गुडघ्यांमुळे दाराशी उशिरा येते, म्हणून हॉर्न वाजवायचा नाही. ताई म्हणायची, "माझा वाढदिवस विसरतील, पण त्या पोरांच्या पाण्याच्या बाटल्या विसरणार नाहीत."

एका सोमवारी मोठ्या चौकात नवा बोर्ड लागला. दारू सोडवणाऱ्या कुठल्याशा केंद्राची जाहिरात होती. स्टिअरिंगवर डोकं टेकून, तोंड उघडं टाकून पडलेला एक माणूस, आणि खाली हातभर अक्षरांत 'तुमच्या घरातही असा कुणी आहे का?' तो माणूस म्हणजे आमचे भावोजी! दुपारी शाळा सुटायची वाट बघताना त्यांना डुलकी लागली असणार आणि कुणीतरी फोटो काढला असणार. कुणी काढला, केंद्राला कसा मिळाला, ते आजतागायत कळलेलं नाही.

पहिल्या दिवशी ते हसले. "माझ्या झोपेला एवढा भाव आला होय रे!" असं मला फोनवर म्हणाले. बुधवारी चार पालकांचे फोन आले. शुक्रवारी दोन पालकांनी आपली मुलं व्हॅनमधून काढली. शनिवारी ते इस्त्रीचा शर्ट घालून माझ्या ऑफिसात आले.

मी पालिकेत होतो, जाहिरातींच्या बोर्डांना परवाने देणाऱ्या विभागात. म्हणजे तक्रार यायची ती माझ्याच टेबलावर. भावोजींनी दोन पानं सुवाच्य अक्षरात लिहून आणली होती. जाहिरात खोटी आहे, फोटो विचारल्याशिवाय वापरलाय, मी आयुष्यात दारूला शिवलेलो नाही, कृपया चौकशी व्हावी.

"साहेब, घ्या आमचा अर्ज," ते मुद्दाम अदबीनं म्हणाले.

"बसा हो भावोजी. चहा सांगतो."

"चहा राहू दे. शाळेच्या बाई म्हणाल्यात, जाहिरात खोटी आहे असं पालिकेचं लेखी आणा, मी पालकांच्या सभेत वाचून दाखवते. तेवढा एक कागद मिळाला की झालं. मिळेल ना रे?"

"मिळेल की. मी बसलोय ना इथं!"

मी शिक्का मारला, पोच दिली आणि अर्ज ट्रेमध्ये ठेवला.

आता आमच्या विभागाची रीत सांगतो, लाज वाटते तरी. तात्पुरत्या बोर्डाचा परवाना तीस दिवसांचा. तक्रार निकाली काढायची मुदत पंचेचाळीस दिवसांची. म्हणून आम्ही तीस दिवस काहीच करायचो नाही. बोर्ड आपोआप उतरायचा, मग शेरा मारायचा: 'स्थळपाहणीत फलक आढळला नाही. तक्रार निकाली.' पाहणी नाही, नोटीस नाही, सुनावणी नाही. साप मरायचा आणि काठीही मोडायची नाही. ही युक्ती मला माझ्या वरिष्ठांनी शिकवली आणि मी दोन ज्युनियरना शिकवली.

भावोजींच्या अर्जाचं मी वेगळं काही करायला हवं होतं. करणार होतो, देवाशपथ! पण घरच्यांचं काम आधी केलं अशी बोंब होईल, असं वाटलं. शिवाय बोर्ड उतरला की लोक विसरतील, अशी मनाची समजूत घातली. रोज सकाळी स्कूटरवरून त्याच चौकातून ऑफिसला जायचो. सिग्नल लागला की मान खाली घालून घड्याळ बघायचो. एवढ्या दिवसांत एकदाही खाली उतरून मोबाइलनं फोटो काढला नाही. चार ओळींचा पंचनामा लिहिला असता, तर अर्धा तास गेला असता. अर्धा तास!

ताईचे फोन यायचे. "अरे, आज आणखी एक मूल कमी झालं. कागदाचं काय झालं?"

"चाललंय गं. सरकारी काम आहे, वेळ लागतोच."

"हे रात्री अंथरुणावर उठून बसतात रे. दुपारची डुलकीसुद्धा सोडली त्यांनी. कुणी बघेल म्हणून."

बोर्ड उतरला. पंचेचाळिसाव्या दिवशी ट्रेमधला गठ्ठा निकाली काढायला बसलो, तेव्हा सतरा अर्जांना एकच शेरा मारला. त्यात भावोजींचाही होता. हात सवयीनं चालत होता म्हणतात ना, तसं म्हणून मला सुटता येणार नाही. मी नाव वाचलं होतं.

पत्र मिळाल्यावर त्यांनी मला शाळेत बोलावून घेतलं. "तू बरोबर ये, सरकारी भाषा तुला कळते," म्हणाले. तिथं त्यांनी माझं नाव नि ऑफिस सांगितलं. मुख्याध्यापिकाबाईंनी चष्मा लावून पत्र दोनदा वाचलं.

"हे काय आहे? बोर्ड आढळला नाही? मी स्वतः पाहिलाय. आमच्या शिपायानं पाहिलाय." त्यांनी खालची सही बघितली, मग माझ्याकडे बघितलं. "ही तुमची सही? आणि तुम्ही यांचे कोण?"

"मेहुणा."

"अच्छा," त्या म्हणाल्या. "म्हणजे घरातल्या घरात मिटवलं. मी पालकांना काय वाचून दाखवू? आता तर लोक म्हणतील, काहीतरी होतं म्हणूनच मेहुण्याकरवी दाबलं. तुम्हीच सांगा साहेब, तुम्ही पाहणीला गेला होतात का?"

खोलीत तिघंच होतो. मला 'नाही' एवढंच म्हणायचं होतं. बाई, मी गेलो नाही, शेरा खोटा आहे, बोर्ड होता आणि त्यावरचा मजकूर धादांत खोटा होता. पण मग बाईंनी ते लेखी मागितलं असतं, ते वर गेलं असतं आणि माझी चौकशी लागली असती. निवृत्तीला तीन वर्षं उरली होती. मी म्हणालो, "सगळं नियमाप्रमाणे झालंय."

भावोजी माझ्याकडे बघत होते. ते उठले, बाईंना नमस्कार केला आणि म्हणाले, "चल, तुला ऑफिसला सोडतो."

व्हॅन सुरू करून त्यांनी गिअर टाकला. मग विचारलं, "तू रोज त्याच चौकातून जातोस ना रे?"

"हो."

"तीन वर्षं राहिलीत तुझी. सांभाळून राहा." एवढंच. एक शिवी जरी दिली असती, तरी मला बरं वाटलं असतं.

महिन्याभरात उरलेली मुलंही गेली. भावोजींनी व्हॅनच्या सीटा काढल्या आणि सिमेंटची पोती वाहायला लागले. "पोत्यांना आईबाप नसतात," असं ते सगळ्यांना हसत सांगायचे. ताई हसायची नाही. माझ्याशी ती कामापुरतं बोलते.

गेल्या वर्षी मी निवृत्त झालो. पेन्शनचा कागद हातात पडला, त्याच आठवड्यात मी सगळं लिहून काढलं. बोर्ड होता, जाहिरात खोटी होती, मी पाहणी न करता शेरा मारला. खाली सही केली, तारीख घातली आणि ते घेऊन ताईकडे गेलो. बैल गेला नि झोपा केला, हे मलाही कळत होतं.

भावोजी अंगणात हातपाय धूत होते. मानेवर सिमेंटची धूळ होती. हात पुसून त्यांनी चष्मा लावला आणि एकेक ओळ बोट ठेवून वाचली. वाचता वाचता त्यांचे डोळे भरले, माझेही भरले.

"चांगलं लिहिलंयस," ते म्हणाले. मग कागद उलटसुलट करून बघत राहिले. "पण ती पोरं आता मोठी झाली. बाई बदलून गेल्या. आता हे कुणाला दाखवू रे?"

तो टोमणा नव्हता. त्यांना खरंच कळत नव्हतं, म्हणून ते विचारत होते. आणि मला एकही नाव सुचलं नाही.