सोयरीक बघायला गेलो आन् दार मागून आलो

कप आधी खाली ठेवा, मग सांगतो. मागच्या खेपेला हे ऐकता ऐकता एकानं शर्टावर चहा सांडला आन् वर मलाच शिव्या घातल्या. येडेपणा मी केला तो केला, त्याचे डाग तुमच्या कपड्याला कशाला?

तर, नांदेडात माझं गिटार बनवायचं छोटं दुकान हाय. बाहेरदेशाचं लाकूड आपल्या आवाक्यातलं न्हाई, आन् खरं सांगू का, मला त्याची गरजही वाटत न्हाई. रस्ता रुंद करताना पाडलेला कडुलिंब, जुन्या घराच्या तुळया, शाळेनं भंगारात काढलेले बाक, मुदखेडच्या वखारीतली सागवानी दारं, हेच माझं लाकूड. काही तर पन्नास-पन्नास वर्षं वाळलेलं हो! पातळ चिरून गिटारच्या पोटाला लावलं की लई घुमतं.

पण कुठलं घुमणार आन् कुठलं न्हाई, हे कळायला एकच उपाय. बोटाच्या पेरानं ठोकायचं आन् कान द्यायचा. टण्ण आलं तर घ्यायचं, थप्प आलं तर सोडायचं.

आता ही सवय दुकानात ठीक हाय. पण शटर ओढलं म्हणून मेली सवय आतच राहते का? बँकेत काउंटर ठोकतो. बसमध्ये पुढच्या सीटची पाठ ठोकतो. एकदा दवाखान्यात डॉक्टरांचा टेबल ठोकला, तर ते म्हणाले, "अहो, आत तर येऊन बसलात, आता कशाला ठोकता?"

माझी धाकटी बहीण शुभांगी. नर्स हाय. वडील गेल्यापासून तिच्या लग्नाची काळजी माझ्याच डोक्यावर. आधीची तीन स्थळं जुळता जुळता मोडली होती. चौथं आलं लातूरचं. मुलगा निखिल, सरकारी नोकरी, स्वभावानं गरीब. दोघं दोनदा भेटले, मग फोन सुरू झाले, आन् फोनवर बोलताना शुभा हसायला लागली. तसं हसताना मी तिला कित्येक वर्षांत पाहिलं नव्हतं. पत्रिका-बित्रिका आमच्यात बघत न्हाईत. राहिलं होतं फक्त मुलीकडच्या मोठ्यांनी जाऊन घर बघायचं. म्हणजे मी आन् आई.

निघायच्या सकाळी शुभानं मला दारात अडवलं.

"दादा, पाया पडते तुझ्या. तिथं काही ठोकू नको."

"मी काय येडा हाय का गं?"

"ते नंतर बघू. हात खिशात ठेव." मग हळूच म्हणाली, "मला हेच घर पाहिजे, दादा."

मी शपथ घेतली. आन् पूर्ण रस्ताभर हात खिशात ठेवले. कंडक्टरला तिकिटाचे पैसेसुद्धा आईनं दिले.

घर चांगलं होतं. मुलाचे वडील रिटायर हेडमास्तर, सगळे त्यांना गुरुजी म्हणायचे. मोजकं बोलणारे. त्यांची कसर भरून काढायला मुलाचा मामा होता. मामाला थांबवणं कुणाच्याच हातात नव्हतं. आम्हाला नव्याकोऱ्या सोफ्यावर बसवलं. आता पोहे आले. खिशात हात घालून पोहे कसे खायचे, सांगा बरं? हात बाहेर आले.

तेवढ्यात मामा म्हणाला, "आरामात बसा पाहुणे. अस्सल सागवान हाय. खास करून घेतलंय."

माझं बोट आपोआप गेलं. थप्प.

"हे सागवान न्हाई," मी म्हणालो. "वर नुसता पापुद्रा हाय. आत प्लाय हाय."

आईचं कोपर माझ्या बरगडीत बसलं. मामाचा चेहरा पडला. कारण काय, तर तो सोफा मामानंच बहिणीला भेट दिलेला!

"लईच पारख हाय पाहुण्यांना," मामा म्हणाला. "मग सगळं घरच ठोकून बघा की! मनात काही शंका राहायला नको."

आता हा टोमणा होता, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. मला काय वाटलं? मला वाटलं, काय मोठ्या मनाची माणसं हायत! मी पोह्यांची बशी खाली ठेवली आन् उठलो.

कपाट ठोकलं. पलंग ठोकला. चौकटी ठोकल्या. बिचारा निखिल मागं मागं फिरून राहिला, "दादा, बसा ना, चहा येतोय." मी त्यालाच म्हणतो, "अहो, तुमचंच घर हाय, संकोच कसला करता?"

असं करत करत मागच्या व्हरांड्यात पोचलो. तिथं लोखंडी घोड्यांवर जुन्या दाराची एक फळी टेबलासारखी आडवी टाकलेली. वर गुरुजींचा पेपर, चष्म्याचं घर. मी ठोकलं.

टण्णणण!

काय तो आवाज! मी पेपर बाजूला सारला, गाल फळीला लावला, डोळे मिटले आन् परत ठोकलं. डोळे उघडले तर सगळं घर मागं उभं.

"गुरुजी, हे मला द्या."

"काय?"

"हे दार. तुम्ही म्हणाल ते कबूल. बाकी घरात काही दम न्हाई, पण हे पाहिजे म्हणजे पाहिजेच."

मामानं हात कपाळाला लावला. "पोराकडचे मागतात, हे ऐकलं होतं. पोरीकडचे मागून राहिले, हे आजच बघतोय!"

"काय करणार ह्याचं?" गुरुजींनी शांतपणे विचारलं.

"चिरणार!" मी आनंदानं म्हणालो. "पातळ पातळ चिरणार."

गुरुजींनी फळीवर हात ठेवला. म्हणाले, "भूकंपात आमचं गावाकडचं घर गेलं. माय गेली. एवढं दार तेवढं उभं राहिलं."

अशा वेळी माणूस मनात म्हणतो, धरणीनं पोटात घ्यावं. पण त्या घरात तसं मनात आणायचीही सोय नव्हती हो.

कुणीही शहाणा माणूस तिथं माफी मागून गप्प बसला असता. मी घाबरलो, आन् घाबरलो की माझ्या तोंडून फक्त कामाचं निघतं. मी म्हणालो, "पण गुरुजी, खालचा कोपरा वाळवीनं खाल्लाय. तिथं थप्प येतंय."

गुरुजी आत निघून गेले. चहा काही आला न्हाई. आई म्हणाली, "चल."

 नांदेडला बसमधून उतरताना आई एवढंच म्हणाली, "आता तिला तूच सांग."

शुभा नवा ड्रेस घालून दारातच उभी होती. मी सगळं सांगितलं. मला वाटलं ओरडेल, हातात सापडेल ते फेकून मारेल. ती नुसतं "बरं" म्हणाली आन् आत गेली. त्यापेक्षा मारलं असतं तर बरं झालं असतं. चार दिवस माझा डबा भरून ठेवायची, पण माझ्याकडे बघायची न्हाई. आन् चार दिवस घरात तिचा फोनही वाजला न्हाई. दुकानात मी नुसता बसून राहायचो. एका लाकडाला बोट लावलं न्हाई. मला माझ्याच बोटाची घाण वाटायला लागली होती.

पाचव्या दिवशी गुरुजींचा फोन आला. मी उभाच राहिलो.

"तुमचा लई राग आला होता मला," ते म्हणाले. "तुम्हाला खोटं पाडायला म्हणून त्या कोपऱ्यात स्क्रू ड्रायव्हर टोचला. मुठीपर्यंत आत गेला हो." "आणखी एखादा पावसाळा गेला असता तर दार हातचं गेलं असतं. तुम्ही या. किडलेलं काढा, बाकीचं वाचवा. आन् शुभांगीलाही घेऊन या. निखिल चार दिवस नीट जेवला न्हाई."

"येतो, गुरुजी. आन् मामांची माफी…"

"मामांचं राहू द्या. आम्ही सोफा उलटा करून बघितला."

"मग?"

"प्लायच हाय."

मी गेलो. वाळवीचा कोपरा कापला, औषध मारलं, जुन्याच सागवानाचा तुकडा असा बसवला की सांधा दिसू नये. काम झाल्यावर गुरुजी म्हणाले, "ठोका एकदा." मी ठोकलं. त्यांनी फळीला कान लावला आन् तसेच वाकून राहिले. शुभानं त्यांना पाणी आणून दिलं. तिथंच आमची सोयरीक पक्की झाली असं मी समजतो.

लग्नाला शुभानं एकच अट घातली. "स्टेजवर तुझे हात जोडलेले पाहिजेत. शेवटपर्यंत सुटायचे न्हाईत."

पाळली की मी! त्रिशरण-पंचशील चालू होतं तेव्हा मीही हात जोडून उभा होतो. फोटो आलेत, बघा. पांढऱ्या साडीत शुभा, शेजारी निखिल, गुरुजी, आई, मामा, सगळे डोळे मिटून, मान झुकवून. हात माझेही जोडलेले. फक्त माझा एक पाय बघा. टाच वर उचललेली हाय, आन् डोळे खाली गालिच्यावर.

हाच फोटो निखिलनं मला मोबाईलवर पाठवला. खाली लिहिलं होतं, "दादा, स्टेजची फळी कशी निघाली?"

आता ही थट्टा होती, हे कुणालाही कळलं असतं. मी उत्तर पाठवलं, "आंब्याची हाय. मंडपवाल्याला विचारून ठेव, देतो का."