एक चमचा खजूर

“क्रॉनिक रीनल फेल्युअर,” सिकंदराबादचे डॉक्टर रिपोर्टवरून नजर न उचलता म्हणाले. मग माझ्याकडे बघून त्यांनी हिंदीत समजावलं, “अम्मा, दोन्ही मूत्रपिंडं निकामी झाली आहेत. आता मशीनशिवाय रक्त साफ होणार नाही.”

माझे मिस्टर शालोम शेजारी स्टुलावर बसले होते. बेचाळीस वर्षांचे, आदिलाबाद स्टेशनात असिस्टंट स्टेशन मास्तर. त्यांनी एवढंच विचारलं, “ड्यूटी करता येईल ना?”

ऐंशीच्या दशकातली शेवटची वर्षं होती ती. चार महिन्यांपासून सकाळी ह्यांचे डोळे सुजायचे. मोज्याचा वळ घोट्यावर तासन्‌तास राहायचा. जेवण समोर आलं की म्हणायचे, तोंडाला लोखंडाची चव येते. मी समजत होते, जागरणाच्या ड्यूट्या बाधतात. ब्लडप्रेशर कधी मोजलंच नव्हतं. तुमच्या घरात कुणाला अशी सूज येत असेल, तर आमच्यासारखी वाट बघू नका.

आठवड्यातून दोनदा डायलिसिस सुरू झालं. म्हणजे हातातल्या शिरेतून रक्त बाहेर काढायचं, मशीनमधून गाळायचं आणि परत अंगात सोडायचं. चार-पाच तास लागत. आदिलाबादेत ती सोय नव्हती. आम्ही सिकंदराबादला एक खोली घेतली. नऊ वर्षांच्या नाओमीला शेजारच्या सुमनबाईंकडे ठेवलं. त्या बाजारहत्नूरकडच्या, त्यांचे मालक तहसीलमध्ये कारकून. मी निघताना रडले, तर म्हणाल्या, “रडून काऊन राह्यल्या बाई? पोरगी माह्या घरी हाये. तुमी त्यायले पाहा.”

डॉक्टरांनी खाण्याची यादी दिली. मीठ बंद. पाणी दिवसाला तीन पेले, औषधांसकट. पालेभाजी, केळी, खजूर, मनुका बंद, कारण त्यात पोटॅशियम. हा क्षार मूत्रपिंडं बाहेर टाकतात. त्यांनी टाकला नाही, तर रक्तात साठतो. “फार वाढला तर हृदय एकदम थांबतं,” डॉक्टर म्हणाले. हे वाक्य माझ्या डोक्यात खिळ्यासारखं बसलं.

आम्ही बेने इस्राएल, कोकणातले मराठी बोलणारे यहुदी. आदिलाबादेत आमचं एकच घर. पेसाहचा सण आला तेव्हा ह्यांनी हट्ट धरला, सेदेर घरीच करायचा. सेदेर म्हणजे मिसरातल्या गुलामीतून आमचे पूर्वज सुटले, त्याच्या आठवणीचं जेवण. तबकातला एकेक पदार्थ काही सांगतो. मिठाचं पाणी म्हणजे गुलामांचे अश्रू. कडू पाला म्हणजे त्यांचे हाल. खजुराचा दाट पाक म्हणजे ज्या चिखलाच्या विटा त्यांनी थापल्या तो चिखल. शिवाय भाजलेलं हाड, अंडं, बिनखमिराची भाकरी आणि मनुकांच्या सरबताचे चार पेले.

आता यादी आणि तबक शेजारी ठेवून बघा. हाड नुसतं मांडायचं, अंडं मिठाच्या पाण्यात बुडवायचं; ह्यांना चालेल अशी एक भाकरी तेवढी होती. तिच्यात मीठ नसतं.

दोन डायलिसिसच्या मधल्या दिवसांत आम्ही घरी आलो. आदिलाबादच्या बाजारात सॅलडचा पाला मिळत नसे, म्हणून कडू पाला म्हणून आम्ही कडुलिंबाची कोवळी पानं घ्यायचो. सुमनबाईंनीच तोडून आणली. “आमी पाडव्याले खातो, तुमी पुनवेले. कडू ते कडूच,” म्हणाल्या.

दुपारभर मी खजूर शिजवून, गाळून आटवत होते. घरभर वास सुटला. हे खाटेवर पडल्या पडल्या म्हणाले, “आईच्या घरचा वास आला गं.”

संध्याकाळी मेज मांडलं. ह्यांच्या पेल्यात मी दोनच घोट साखरेचं पाणी ओतलं. ह्यांनी हग्गादा, म्हणजे त्या रात्री वाचायची पोथी, उघडली. नाओमीने दरवर्षीप्रमाणे विचारलं, “आजची रात्र वेगळी का?” त्यांनी थांबत, श्वास घेत सगळी गोष्ट सांगितली. कडुलिंबाचं एक पान जिभेवर ठेवलं. मिठाच्या पाण्याला नुसतं बोट लावलं आणि पुसून टाकलं.

मग खजुराची वाटी पुढे ओढली. चमचा भरला. माझ्याकडे बघून म्हणाले, “एकच, लेआ.”

मी त्यांचा हात धरला. “मरायचंय का तुम्हाला? पोरीसमोर?” माझा आवाज इतका चढला की नाओमी दचकली.

त्यांनी चमचा परत वाटीत ठेवला. “बरोबर आहे तुझं,” म्हणाले आणि पुढचं पान उलटलं. नाओमीनेही खजुराला हात लावला नाही. ती वाटी सकाळी मी मोरीत ओतली.

त्यानंतर सतराव्या दिवशी ते गेले. फुफ्फुसात पाणी भरलं होतं, त्यात इन्फेक्शन झालं. शेवटचे दोन दिवस बोलणं नव्हतं.

कागदांवर सह्या करायला गेले तेव्हा डायलिसिसच्या खोलीतल्या तरुण डॉक्टरीणबाई माझ्याजवळ बसल्या. त्यांनी पाणी दिलं. त्यांनी न विचारताच मी ती संध्याकाळ सांगितली आणि म्हटलं, “निदान मी त्यांना जपलं ना?” त्यांनी माझ्या हातातला पेला काढून खाली ठेवला. मग हळू आवाजात म्हणाल्या, “मशीन लावल्यावर पहिल्या तासात आम्ही कधीकधी असा एखादा चमचा देतो. मशीन तो क्षार काढून टाकतं. खजूर इथे आणला असतात, तर मीच भरवला असता.”

त्यांनी मला दुखवायला हे सांगितलं नव्हतं. माझ्यासारख्या विचारणाऱ्या बाईला खोटं सांगावं असं त्यांना वाटलं नाही, याबद्दल मी आजही त्यांची ऋणी आहे. पण त्या दिवशी मी जिन्यात खाली बसले ती उठलेच नाही. वॉर्डातल्या दोन आयांनी उठवलं.

विचारायला हवं होतं. यादी हातात मिळाली तेव्हा मी ती डॉक्टरांचा हुकूम समजून घडी घालून ठेवली. तुम्ही तसं करू नका. पथ्य मोडू नका, चोरून देऊ नका, पण विचारा. सणाचं विचारायला लाजू नका.

पुढे रेल्वेने मला बुकिंग ऑफिसात नोकरी दिली. काही वर्षांनी इंद्रवेल्लीच्या एका शाळामास्तरांची बायको खिडकीवर सिकंदराबादचं तिकीट काढायला आली. मास्तरांचंही डायलिसिसच. म्हणाली, “पोळ्याले पुरणपोळी मागून राह्यले. म्या नाही म्हटलं. डाळ बंद हाये ना.” मी खिडकी बंद करून बाहेर आले आणि तिला बाकावर बसवलं. म्हटलं, डॉक्टरांना विचार. मशीन चालू असताना थोडी चालेल का, एवढंच विचार.

हिवाळ्यात ती पांढऱ्या कपाळाने आली. मला शोधतच आली होती.

“अर्धी खाल्ली त्यायनं, बाई. डॉक्टरनंच द्या म्हटलं. हासून खाल्ली.”

मी तिला जवळ घेतलं. दोघी रडलो. मला तिचा हेवा वाटला, तेही इथे लिहून ठेवते.