सोनाजीनं न दाबलेलं बटण

सोनाजी एका जागी बसलेला मी कधी पाहिला नव्हता. चहा उभ्यानं, जेवण घाईनं, आणि बोलणं तर चालता चालताच. बाप-आजा मेंढरांमागं फिरले, म्हणून याच्या पायाला तीच सवय लागली, असं त्याची बायको बानाबाई म्हणायची. "मेंढरं तरी सांजच्याला बसत्यात," हेही तीच म्हणायची.

चिकलठाण्यात नानासाहेबांची शेड होती. मी तिथं मोटारींचं वाइंडिंग करायचो, आणि सोनाजी व लिंबाजी मशीनचे कंट्रोल पॅनल बनवायचे. तिकडं वाळूजला कारखान्यामागून कारखाना उभा राहत होता, त्यामुळं आमच्यासारख्या लहान शेडींनाही उसंत नव्हती. पॅनलच्या आतल्या बोर्डाचा प्रोग्राम लिंबाजीचा. तो पॉलिटेक्निक झालेला, मितभाषी, विद्यापीठाजवळ भीमनगरला आईसोबत राहणारा. वायरिंग आणि साइटची धावपळ सोनाजीची. ससा-कासवाचीच जोडी, फक्त हा ससा वाटेत झोपत नसे.

त्या बोर्डाची एक खोड सांगितली पाहिजे. वीज आली की बोर्ड जागा होतो आणि आधी एका छोट्या चिपमध्ये बघतो: समोर मशीन कोणतं, त्याच्याशी किती वेगानं बोलायचं, कामाचा प्रोग्राम कुठून उचलायचा. चिपमधलं वीज गेली तरी पुसलं जात नाही. पण साइटवर नवे आकडे टाकले की ते लगेच चिपमध्ये उतरत नसत. वीज असेपर्यंत नुसते बोर्डाच्या डोक्यात राहत. मशीन नीट चालतंय अशी खात्री झाली की लाल बटण दाबून धरायचं, हिरवा दिवा विझेपर्यंत. मग ते पक्के. घाईत चुकीचा आकडा पक्का होऊ नये म्हणून लिंबाजीनं मुद्दाम तसं ठेवलं होतं. सोनाजीला त्यानं हे सांगितलंही होतं, पण तेव्हा सोनाजी बॅग उचलून दारात पोचलेला असणार.

प्रत्येक साइटवर हेच चालायचं. सोनाजी भराभर आकडे टाकायचा, मशीन फिरलं की एस.टी. धरायला पळायचा. लिंबाजी मागून सावकाश यायचा. "मागं राहून करतो काय रं? लई सावकाश गडी," असं सोनाजी चिडवायचा आणि लिंबाजी नुसता हसायचा.

चौऱ्याण्णवच्या जानेवारीत सिल्लोड रस्त्यावरच्या काकासाहेबांच्या जिनिंगमध्ये आमचं पॅनल बसवायचं होतं, कापसाच्या गाठी बांधणाऱ्या प्रेसवर. ते चाललं तर त्यांच्या पाहुण्यांकडचीही कामं मिळणार होती आणि नानासाहेब सोनाजीला कायम करणार होते. बानाबाईनं तर शेजारणींना सांगूनही टाकलं होतं. तेवढ्यात काकासाहेबांचा फोन आला. विद्यापीठाच्या नामांतराच्या बातम्यांनी गावागावांत वातावरण तापलं होतं. ते म्हणाले, तुमच्या त्या लिंबाजीला या खेपेला आणू नका.

नानासाहेबांनी हा निरोप लिंबाजीच्या देखतच सांगितला. लिंबाजीनं हातातलं सोल्डरिंग थांबवलं नाही, फक्त मान वर करून सोनाजीकडं बघितलं. सोनाजीनं बॅग भरायला घेतली. "मग सकाळची गाडी धरतो," म्हणाला. मला त्याचा असा राग आला की त्या दिवशी मी त्याच्याशी बोललो नाही.

तो एकटा गेला, आकडे टाकले, प्रेस चालला, आणि संध्याकाळी परतही आला. संक्रांतीला फोन खणखणला. जिनिंगमध्ये वीज गेली आणि आली, पण पॅनलला काही म्हणता काही आठवेना. बाहेर कापसाचे ढीग पडलेले. उद्यापर्यंत सुरू झालं नाही तर पॅनल उचलून न्या, असं काकासाहेबांनी बजावलं.

लिंबाजी रजेवर होता. सोनाजीनं सायकल काढली आणि विद्यापीठाचं गेट गाठलं. नामांतराची घोषणा झाली होती, गुलाल उडत होता, आणि त्या गर्दीत लिंबाजी आईचा, द्वारकाबाईंचा, हात धरून उभा होता. म्हातारी रडत होती आणि हसतही होती.

सोनाजीनं धापा टाकत सगळं सांगितलं.

"लाल बटण दाबलं नसंल तू," लिंबाजी म्हणाला.

"ते तर तू..." म्हणून सोनाजी थांबला. लिंबाजी मागं का राहायचा हे त्याला तिथं, त्या गर्दीत कळलं.

"चल की संगं. उद्या सकाळी निघू."

"मला कुणी बोलवलं? माझी आई सोळा वर्षं झिजली या नावापायी. आज मी हितून हलत नाय, अन उद्याबी न बोलवता जात नाय. तू जा. दिवा विझेस्तोवर बोट काढू नको." मग आवाज खाली आणून तो म्हणाला, "त्या दिशी तू कायच बोलला नाय, सोनाजी. ते लई लागलं मला."

दुसऱ्या दिवशी संक्रांतीची कर. करीला कुणी घरातून कामाला पाऊल काढत नाही, म्हणून बानाबाई दारात आडवी उभी राहिली. सोनाजी तिला वळसा घालून निघाला. फुलंब्रीच्या पुढं तणावामुळं एस.टी. बंद होत्या. कापसाच्या ट्रकवर बसून तो जिनिंगला पोचला.

पुढचं त्यानंच मला सांगितलं, आणि खोटं रचायला लागतो तेवढा वेळ तो एका जागी थांबत नाही. त्यानं आकडे टाकले, प्रेस फिरला, बटणावर अंगठा ठेवला. दिवा विझायला चहाच्या दोन घोटांइतका वेळ लागतो. सोनाजीला तो सरता सरेना, पाय नुसते शिवशिवत होते. पण त्यानं अंगठा काढला नाही. दिवा विझल्यावर त्यानं मेन स्विच पाडायला लावला आणि पुन्हा चढवायला लावला. बोर्ड आपला आपण जागा झाला. प्रेस धडधडू लागला.

काकासाहेब खूश. तिळगुळाचा डबाच घेऊन आले आणि एक वडी सोनाजीच्या हातावर ठेवली. "घ्या सोनाजी, गोड बोला. बघा, एकट्यानं जमलं. त्या दुसऱ्याची गरजच नव्हती."

बाहेर परतीचा ट्रक हॉर्न देत होता. सोनाजीनं खांद्याची बॅग खाली ठेवली.

"आज गोड बोलणं जमायचं नाय, मालक. आजवर बसवलेली समदी मशीनं त्याच्या बोटावर टिकली. तुम्ही त्याला नको म्हणले अन मी गप बसलो, म्हणून तुमचं बंद पडलं. ह्यापुढं त्याला बोलवलं तर मी यीन. नायतर मीबी नाय."

काकासाहेबांनी डब्याचं झाकण लावलं आणि आत गेले. ट्रक तोवर निघून गेला होता. पाहुण्यांकडची कामं आली नाहीत. नानासाहेबांनी सोनाजीला चांगलं झापलं, आणि कायम करण्याचा विषय पुन्हा निघाला नाही.

जिनिंगवरून सोनाजी शेडवर परतला तेव्हा लिंबाजी टेबलाशी होता. सोनाजीनं खिशातून काकासाहेबांनी दिलेला तो तिळगूळ काढून त्याच्यापुढं ठेवला.

"दाबलं?"

"दाबलं. दिवा विझेस्तोवर. अन बोललो बी."

काय बोलला ते लिंबाजीनं विचारलं नाही. तिळगुळाचे त्यानं दोन तुकडे केले आणि रिकामं स्टूल पायानं पुढं सरकवलं. सोनाजी त्यावर बसला. चहा येऊन कप रिकामे झाले, तरी तो उठला नाही.