दोरीवरचं पाचवं पान

जाम गावच्या चौकात माझा पेपरचा स्टॉल आहे. बसच्या खिडकीतून दिसावं म्हणून रोज सकाळी पहिलं पान मी चिमट्यांनी दोरीवर टांगते. त्या पंधरवड्यात दोरीवर एकच चेहरा होता. दूरच्या शहरात खाणावळीत शिरून गोळ्या झाडणारा इसम, गॉगल लावून मोटारसायकलवर बसलेला. अंक सकाळीच संपत.

"बाई, आपला हिरो आला का आजचा?" चहावाला विचारायचा. मीही हसायची.

समोर भाजी विकणाऱ्या मावशी तेव्हा गावाला गेल्या होत्या. परतल्या, तेव्हा कळलं, त्या खाणावळीत पोळ्या करणारी त्यांची धाकटी बहीण मेली. मी ओशाळले. दुसऱ्या दिवशी मृतांचे फोटो असलेलं पान मुद्दाम टांगलं. वर तो, खाली टपाल तिकिटाएवढे बाकीचे. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल.

मावशी तडक आल्या. "काढ ते. त्याच्या पायाशी माही बहीण नको."

मी काढलं.

"त्याले वांग्याची भाजी आवडते, हे छापलं म्हणे. अन् माह्या बहिणीचं वय चुकवलं. एकेचाळीसची होती, चौतीस लिवलं."

मावशींना अक्षरं येत नाहीत, आकडे येतात. मी तालुक्याच्या वार्ताहराला बोलावलं. त्याने मोबाइल पुढे धरला. "मावशी, त्या माणसाले काय शिक्षा पाहिजे?"

"त्याचं मले नको विचारू. लिव, वय एकेचाळीस. शंभर माणसाच्या पोळ्या एकटी लाटे."

"पण त्याच्याबद्दल एक वाक्य..."

"तुले भाजी घ्याची आहे का? नाई ना? मंग सरक, गिऱ्हाईक उभं आहे."

आवाज चढला नाही, डोळे ओले झाले नाहीत. हातातला तराजूही हलला नाही. इतकी पक्की बाई मी या चौकात दुसरी पाहिलेली नाही.

तिसऱ्या दिवशी पाचव्या पानावर, तळाशी, तीन ओळी आल्या. वय दुरुस्त, पोळ्यांसकट. मी पाचवं पान टांगलं.

"हे काय लटकवलं?" चहावाला म्हणाला.

"वाच."

त्याने वाचलं आणि चहा गाळायला गेला. अंक दुपारपर्यंत पडून राहिले.

मावशी आल्या. त्यांनी ४१ च्या आकड्यावर बोट ठेवलं.

"आता बराबर आहे," म्हणाल्या. मग भाजी बांधायला रोज नेतात ती रद्दी उचलता उचलता, "हे पान याच्यात नको टाकजो."