खतीजाबीची माणसं

वसमतमधल्या निम्म्या घरांचे देव, दिवंगत आणि पदव्या इस्माईलभाईंनी भिंतीवर टांगलेल्या आहेत. फोटोफ्रेमचं त्यांचं दुकान माझ्या कापडदुकानाला चिकटून आहे, त्यामुळे त्यांचा हातोडा आणि माझी दुपारची झोप यांचं भांडण जुनं आहे. गिऱ्हाईक आलं की ते आधी खोट काढतात. "ह्या फोटोत तुमचे वडील तुमच्यावर चिडलेले दिसायलेत. दुसरा न्हाई का?" गिऱ्हाईक दुसरा फोटो आणायला जातं आणि कधीकधी परत येतच नाही. इस्माईलभाईंना त्याचं सुखदुःख नसतं.

हा माणूस खरा ताजियाचा. मोहरम जवळ आला की फ्रेमचं दुकान नावालाच उघडं. बांबूच्या कामट्या, पुठ्ठा आणि चमकी कागद एवढ्यावर ते असा जाळीदार महाल उभा करतात, की बघणाऱ्याने श्वास जपून सोडावा. एकदा मी कौतुक केलं तर म्हणाले, "तुझ्या कापडासारखं न्हाई हे, राधाकिसन. हे टिकतं." दहाव्या दिवशी नदीवर नेऊन जो थंडा करायचा, म्हणजे पाण्यात सोडायचा, त्याच्याबद्दल हे बोलणं!

त्यांचा मुलगा अशफाक हैदराबादला एका परदेशी कंपनीत नकाशे काढतो. ही कंपनी स्वतः रेल्वे बांधत नाही. मेट्रो कुठून न्यावी, स्टेशन कसं असावं, हे ती जगभरच्या शहरांना सांगते आणि सांगण्याची फी घेते. हे ऐकून इस्माईलभाई थक्क झाले. "सल्ल्याचे पैसे? मग ह्या राधाकिसनला न्या की. हा फुकट देतो आन् थांबत बी न्हाई."

पुढं कंपनीला एका मेट्रो स्टेशनची प्रतिकृती हवी झाली. कंप्यूटरवरचं चित्र पुढाऱ्यांना सगळ्या बाजूंनी फिरवून दाखवता येतं, पण त्यावर बोट ठेवून "हे काय?" असं विचारता येत नाही. अशफाकच्या मोबाइलमधला ताजियाचा फोटो तिथल्या परदेशी साहेबांनी पाहिला आणि काम वसमतला आलं. इस्माईलभाईंनी नकाशाबरहुकूम स्टेशन केलं, फक्त छपरावर स्वतःच्या अखत्यारीत एक सोनेरी कळस चढवला. साहेबांनी अशफाककरवी फोनवर विचारलं, हे कशासाठी? "एवढं मोठं स्टेशन आन् वर कायबी न्हाई. बोडकं दिसून राहिलं होतं." कळस उतरला. इस्माईलभाई दोन दिवस कुणाशी धड बोलले नाहीत.

मग साहेब म्हणाले, आता फलाटावर माणसं हवीत, म्हणजे स्टेशन केवढं ते कळेल.

"मानसं आपन करत न्हाई," इस्माईलभाई म्हणाले. "ताजियात मानूस नसतो. डोळे-नाक काढायचं काम माझं न्हाई."

त्यांची बायको खतीजाबी दारात तांदूळ निवडत बसल्या होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "डोळे-नाक कोन मागितलं? काडीला चिंधी गुंडाळायची. लांबून कुनाचं नाक दिसतंय? तुमचं एक सोडून."

माझ्या दुकानातल्या चिंध्या त्या दिवसापासून पलीकडे जाऊ लागल्या. काडेपेटीच्या काड्या, सुताचे धागे आणि बोटाच्या पेराएवढी माणसं. खतीजाबींनी मेट्रो कधी पाहिली नव्हती, त्यामुळे त्यांच्या फलाटावर आखाडा बाळापूरचा बाजार भरला. हळदीचं पोतं पाठीवर घेतलेला गडी. लेकरू कडेवर मारून दुसऱ्याला ओढणारी बाई. बुरखेवाल्या दोघी एकमेकींच्या कानाला लागलेल्या. आणि एक शेळी. साहेबांनी फोनवर शेळीची चौकशी केली.

"ही कुठं चालली, भाबी?" मी विचारलं.

"जिकडं मालकीन चालली तिकडं. साहेबाला सांगा, तिकीट काढलंय तिचं."

साहेब हसले म्हणे. शेळी राहिली. स्टेशन बघायला आलेली मोठी मंडळी खांब आणि जिने सोडून त्या शेळीपाशीच थांबायची, असं अशफाक सांगायचा. इस्माईलभाईंना हे फारसं रुचलं नव्हतं. "छत मी केलं, आन् नाव बकरीचं," असं ते महिनाभर येणाऱ्या-जाणाऱ्याला ऐकवत होते. ऐकवताना खतीजाबींना ऐकू जातंय ना, याची खात्री करून घेत होते.

गेल्या हिवाळ्यात खतीजाबी गेल्या. मूत्रपिंडं कामातून गेली होती. शेवटच्या काही महिन्यांत नांदेडच्या दवाखान्याच्या खेपा झाल्या. साऱ्या गावाची गेलेली माणसं फ्रेममध्ये बसवणाऱ्या या माणसाकडे बायकोचा एक फोटो नाही. त्या फोटोला बसायच्याच नाहीत. आधार कार्डावर एक चेहरा आहे, तो त्यांचा आहे असं सरकार म्हणतं.

यंदा उन्हाळ्यात अशफाकचा फोन आला. ऑफिस लहान जागेत चाललं होतं, जुन्या प्रतिकृती भंगारात निघाल्या होत्या. इस्माईलभाई माझ्या दुकानाच्या पायरीवर येऊन उभे राहिले. "राधाकिसन, चल. तिची मानसं आनायचीत." दरवर्षी दोन महिन्यांची मेहनत स्वतःच्या हाताने पाण्यात सोडून कोरड्या डोळ्यांनी घरी येणारा हा माणूस. मी दुकान बंद केलं.

हैदराबादला कंपनीची माणसं भली निघाली. पाणी दिलं, खुर्च्या दिल्या, गोदाम उघडून दिलं. पलंगाएवढ्या फळीवर स्टेशन धुळीत उभं होतं आणि फलाटावर सगळी मंडळी जागच्या जागी होती. पोतंवाला, लेकरंवाली, शेळी. इस्माईलभाईंनी आधी नुसती फुंकर मारून धूळ उडवली. मग दोन बोटांत पोतंवाल्याला धरून हलकेच उचललं.

तो आला, पण पाय फलाटावरच राहिले.

माणसं चिकटवायला मोरचूद घालून शिजवलेली मैद्याची ती लई त्यांच्याच हातची होती. ना किडा लागणार, ना सुटणार, असं ते साऱ्या वसमतला सांगत आले होते. ओल्या बोळ्याने लई भिजवून दुसऱ्याला हात लावला, तर चिंधीचा रंग बोटांना आला. इस्माईलभाई हात मागे घेऊन उभे राहिले.

"अब्बा, पूरा बोर्ड ले चलते," अशफाक म्हणाला. "टेम्पो करता मैं."

"और रखूँ कहाँ? मेरे सर पे?"

ते खरं होतं. दोन खोल्यांच्या घरात त्या फळीला जागा नव्हती. मी म्हणालो, "भाई, वाटलं तर नदीवर नेऊ. ताजियासारखं थंडं करू." बोलून गेल्यावर चुकलं ते माझं मलाच कळलं.

"त्याचं नाव हितं घेऊ नको," ते शांतपणे म्हणाले. "ते इमामांचं. हे आमच्या दोघांचं. अशफाक, करवत बघ कुठं मिळते का."

फलाट तेवढा कापून काढायचा तर मध्ये छप्पर येत होतं. कामट्यांची ती कमान, पुठ्ठ्यात कोरलेली जाळी, ज्याच्यावर कळस नाही म्हणून दोन दिवस अबोला झाला होता ते छप्पर. अशफाक म्हणाला, मी काढतो. त्यांनी त्याला बाजूला केलं. एकेक खांब पायाशी धरून त्यांनी स्वतः मोडला. कामट्यांचा मोडताना बारीक आवाज येत होता. जाळी हातात आल्यावर त्यांनी ती उजेडाकडे धरून पाहिली, आणि भंगाराच्या ढिगावर ठेवली. टाकली नाही, ठेवली. मग फळी कापली.

दुसऱ्या दिवशी सकाळच्या बसने आम्ही निघालो. फलाट त्यांच्या मांडीवर आडवा. बिनपायांचा पोतंवाला रुमालात बांधून खिशात. पुढच्या बाकावरची बाई वळून वळून बघत होती. शेवटी तिने विचारलं, "बाबा, कुठं चालले हो हे सगळे?"

"घरी," इस्माईलभाई म्हणाले.

देगलूर गेलं. खिडकीतून ऊन आत आलं, मे महिन्याचं, आणि थेट त्यांच्या मांडीवर पडलं. ते फलाटावर वाकले. एक हात त्यांनी शेळीवर आणि त्या कानाला लागलेल्या दोघींवर आडवा धरला. बस गचके खात होती, हात खाली येत होता, पुन्हा वर जात होता.

"भाई, द्या इकडं," मी म्हणालो. "वर सामानाच्या फळीवर ठेवतो. जरा डोळा लावा."

"ऊन लागून राहिलंय त्यांना," ते म्हणाले. "छत मोडलं ना मी."

एसटीला पडदे नसतात. मी पिशवीतला टॉवेल काढला, खिडकीच्या फटीत त्याची दोन टोकं अडकवली आणि वाऱ्याने उडू नये म्हणून वसमतपर्यंत धरून बसलो.