फेसावर आलेलं तांबं

काल प्रयोगशाळेतल्या काचेच्या टाकीत फेस वर आला आणि त्यावर तांब्याच्या खनिजाची सोनेरी चकाकी पसरली. टाकीतल्या पाण्यात खाणीबाहेर वर्षानुवर्षं टाकून दिलेल्या दगडाची पूड कालवलेली होती. परदेशी तांबं स्वस्त पडतं, म्हणून आमची खाण बंद करायचं घाटत होतं. त्या टाकाऊ दगडाच्या ढिगांतलं तांबं सुटं करण्यासाठी मी आणि माझी सहकारी सुमेधा एकामागून एक रसायनं बदलून थकलो होतो.

"अगं, बुडबुडे बघ! तांबं घेऊन येतायत!" ती ओरडली.

मी फेस अलगद काढून घेतला. दगडाने काही लपवलंच नव्हतं. त्याच्याकडे मागायचं कसं, तेच आम्हाला उमगत नव्हतं.

सुमेधाने तिथूनच खाणीच्या मॅनेजरांना फोन लावला. "साहेब, खाणीला कुलूप लावायची घाई करू नका. तुमचं तांबं बाहेर उघड्यावरच पडलंय!"