ईसीजी मशीन घेऊन गावोगाव

सर्व्हेच्या फॉर्मवर बीपी, वजन, तंबाखू, सगळ्याला रकाने होते. लोक जे बोलायचे त्याला मात्र रकाना नव्हता. ते आपलं माझ्याकडेच साठत गेलं!

नव्वदच्या दशकातली गोष्ट. कोणतं काम करणाऱ्याला हृदयविकाराचा धोका जास्त, हे शोधायला आमची जीप बारामती-इंदापूरकडची गावं फिरायची. डॉक्टर मॅडम तपासायच्या, मी फॉर्म भरायचो.

*

डाळजला एका बाईंना विचारलं, "काम काय करता?"

"काय न्हाय. घरीच असते."

मी 'काम नाही' लिहिलं. मॅडमनी विचारलं, "आज सकाळपासून काय काय केलंत?"

पाणी भरलं, म्हशींच्या धारा काढल्या, भाकरी थापल्या, उसात खुरपलं, येताना गवताचा भारा आणला...

रकान्यात मावेना. मॅडम म्हणाल्या, "पाठीमागच्या पानावर लिही!"

*

मोरगावला शेळ्या राखणारे एक तात्या भेटले. "तात्या, रोज किती चालता?"

"मी कुठं चालतोय? शेळ्या चालत्यात. मी आपला त्यांच्या मागं असतो!"

*

"तंबाखू खाता?" मी एका आजींना विचारलं.

"छ्या! न्हाय बाबा!"

"मग दात काळे कशानं?"

"मिश्रीनं. तंबाखू भाजून दाताला लावते. ती काय खायाची असती व्हय?"

*

लासुर्ण्याला अशोकराव मोटारसायकलवर वडिलांना घेऊन आले. आबा सत्तरीचे, जन्मभर शेतात राबलेले. अशोकराव इंदापूरला कारकून, वय बेचाळीस.

"आबांचं नीट बघा. वय झालंय."

आबांचा ईसीजी एकदम स्वच्छ! वायरी निघताच आबा म्हणाले, "आता ह्याचाबी काडा."

"मला काय झालंय? जरा ॲसिडिटी आहे, बाकी ठणठणीत!" अशोकराव हसत आडवे झाले.

पट्टी बाहेर आली. मॅडमनी ती दोनदा बघितली आणि हळूच मला म्हणाल्या, "जीप काढायला सांग."

बारामतीच्या दवाखान्यापर्यंत आबांनी मुलाचा हात सोडला नाही.

अशोकराव वाचले. महिन्याभरानं आम्ही घरी गेलो, तर ते ओट्यावर बसलेले आणि आबा शेतातून डोक्यावर वैरणीचा भारा घेऊन येताहेत.

"आबा, या वयात एवढं ओझं?" मॅडम म्हणाल्या.

"मीही तेच सांगतोय," अशोकराव म्हणाले. "आबा, आता तरी बसा की!"

आबांनी भारा टाकला, घाम पुसला आणि मुलाकडं बघितलं.

"बसून काय हुतंय, ते बघितलं की मी!"